नसीमची वही

दसरा जवळ आला की मळणी यंत्रांची घरघर सुरू होते आणि माझ्या घशात सोयाबीनचं भुसकट उतरतं. धाराशिवच्या ज्या कॉलनीत मी राहतो तिथून शेतं तशी लांब आहेत. पण दुपारी वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर बारीक पिवळी कूस येऊन बसते. मालती, माझी बायको, ते कपडे झटकत वाऱ्याला बोलते. अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. दुपारी उन्हाचा चटका आणि पहाटे मात्र पायावर पांघरूण ओढावं लागतं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हा हंगाम सोसत नाही असं डॉक्टर म्हणेल. मी स्वतः डॉक्टर आहे आणि मला तो लई आवडतो. मधली चार वर्षं सोडून.

त्या चार वर्षांबद्दल मला आज लिहायचं आहे.

कापलेलं सोयाबीन आधी रानात लहान लहान ढिगांनी पडलेलं असतं. दोन-चार दिवस वाळलं की बायामाणसं ते उचलतात आणि एका जागी रचून, वर ताडपत्री टाकून त्याची मोठी बनीम घालतात. ढिगाखाली गारवा असतो. गारव्याला उंदीर येतात, उंदरामागं घोणस येते. बाई वाकते, दोन्ही हात ढिगाखाली घालते, आणि मग कुणाच्या तरी जीपमधून तिला आमच्या रुग्णालयात आणतात. सोबतची माणसं दारातूनच ओरडतात, "पान लागलंय!" आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. त्याचं नाव घेतलं की तो ऐकतो म्हणे. म्हणून पान लागलं म्हणायचं.

मी किडनीचा डॉक्टर. भूकंपाच्या वर्षी सास्तूरला गेलो तेव्हा साधा फिजिशियन होतो. घराच्या दगडमातीखालून जिवंत काढलेल्या माणसांची लघवी दोन दिवसांनी बंद पडताना पाहिली आणि या अवयवाच्या मागं लागलो. पुढं घोणशीनं तेच दाखवलं. तिचं विष किडनीवर बसतं. आम्ही लस द्यायचो, गरज पडली तर डायलिसिस करायचो, माणूस चालत घरी जायचा आणि आम्ही खूश व्हायचो. पण काही वर्षांनी त्यातलेच काही जण सुजलेले पाय घेऊन परत यायचे. तोवर फार उशीर झालेला असायचा. मला प्रश्न पडला: जे बरे होऊन घरी गेले, ते खरंच किती दिवस बरे असतात?

म्हणून त्यांना दरवर्षी बोलवायला लागलो. तारीख कुणाच्या लक्षात राहायची नाही, पण "सोयाबीन काढतानी लागलं हुतं" एवढं प्रत्येकाला पक्कं आठवायचं. तेव्हा हंगाम हीच तारीख ठरली. मळणी उरकली की लोक यायचे. रक्त, लघवी, रक्तदाब. मुख्य म्हणजे रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा, किडनी खालावली की तो चढतो. रक्त काढायला आणि तपासायला नसीम, आमची लॅब टेक्निशियन, कळंबची. हात इतका हलका की माणसं हात पुढं करून गप्पा मारत राहायची आणि सुई कधी निघाली ते कळायचं नाही. बेंबळीची रुक्मिणबाई तर मेळ्याला आल्यासारखी यायची. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची. तिच्या मनगटाला घोणस डसली होती आणि सहा वेळा डायलिसिस करून आम्ही तिला परत आणलं होतं.

"सायेब," ती सगळ्यांसमोर म्हणायची, "दर साली मुताची बाटली मागता. एकदा तरी दुधाची मागा की!"

अशी जवळजवळ दहा वर्षं गेली. रकाने भरत गेले. शेवटच्या वर्षाची तपासणी राहिली होती, आणि कोविड आला.

त्या साली संशोधन थांबलं, असं एका वाक्यात सांगता येतं. पण ते एका दिवसात थांबलं नाही. आधी डायलिसिसच्या हॉलमधल्या खाटा कोविडसाठी गेल्या. मग माझा मदतनीस डॉक्टर तिकडं गेला, त्याचा फोनवर फक्त दमलेला आवाज यायचा. अभ्यासांना मंजुरी देणारी समिती बसेनाशी झाली. फ्रीजरमध्ये आमच्या रुग्णांच्या रक्ताच्या बाटल्यांचा एक कप्पा होता, तो रिकामा करून हवा असं सांगण्यात आलं, आणि दहा वर्षांचं रक्त दोन पिशव्यांत भरून गेलं. तक्रार कुणाकडं करणार? बाहेर माणसं श्वासासाठी तडफडत होती. लातूरचा माझा एक मित्र कमी वजनाच्या बाळांवर काम करत होता. त्याची बाळं वर्षभर त्याला दिसलीच नाहीत, दिसली तेव्हा चालत होती. नियतकालिकांचे संपादक एकच विचारायचे, कोविडवर काही आहे का? घोणस जणू त्या वर्षी चावायची थांबली होती.

मी पासष्टी ओलांडलेली. पुण्याची मुलगी रोज फोनवर दम द्यायची, "बाबा, गेटच्या बाहेर पाऊल टाकलंत तर बघा." मी टाकलं नाही. खरं सांगायचं तर मुलीचं निमित्त होतं. मी घाबरलो होतो. घरात बसून रुग्णांची यादी घेतली आणि फोन लावायला सुरुवात केली.

"कसं आहे?"

"बरं हाय सायेब."

"पायाला सूज वगैरे?"

"काय न्हाय. समदं बरं हाय."

प्रत्येक जण बरा होता. एवढी तंदुरुस्त यादी मी आयुष्यात पाहिली नव्हती. कारण मला माहीत होतं. त्या दिवसांत गावात कुणी नुसतं "अंग जड वाटायलंय" म्हटलं तरी गाडी यायची आणि माणसाला चौदा दिवस शाळेच्या वसतिगृहात नेऊन ठेवायची. रानात पीक उभं असताना दवाखान्याच्या माणसाला कोण खरं सांगेल? माझ्या मागं भाजी निवडत बसलेली मालती एकदा म्हणाली, "तुम्ही आता फोनवर लघवी तपासायलात का?"

मी हसलो नाही. मी यादीत "बरा", "बरी" लिहीत गेलो. नुसत्या बरा-बरीवर लेख होत नाही, आकडा लागतो. तेव्हा ज्यांनी बरं हाय म्हटलं त्यांच्यापुढं मी मागच्या वर्षीचे आकडे थोडे मागंपुढं करून उतरवले. ज्यांनी फोन उचललाच नाही त्यांच्यापुढंही उतरवले. ही दोन वाक्यं लिहायला मला इतकी वर्षं लागली. दहा वर्षांचं काम एका वर्षासाठी वाया जाऊ नये, असं मी स्वतःला समजावलं. लेख लिहिला, पाठवला. त्यात म्हटलं की सुरुवातीची दोन वर्षं जे ठीक राहतात ते पुढंही ठीकच राहतात.

लेख गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमचा फोन आला. मागं कोयत्यांचा खसाखस आवाज.

"सर, मी बेंबळीत आहे. रुक्मिणबाईच्या रानात."

"कुणाच्या परवानगीनं गेलीस?"

"सोयाबीनच्या. उभं पीक कुणाला घरी बसू देतंय का? सगळे रानातच हायेत, सर. दवाखान्याची गाडी दिसली की पळतात. मी यूसुफच्या मोटारसायकलवर आले, पांढरा कोट बिट काही नाही. कुणी पळालं नाही. उलट भाकरी खा म्हणाले."

यूसुफ तिचा नवरा. कळंबच्या आडत दुकानात काट्यावर असायचा; बाजार बंद, म्हणून मोकळा होता. त्याच्यापुढं टाकीवर निळी थंड पेटी, मागं नसीम. आमच्या अभ्यासासाठी मागवलेली तपासणीची किट मुदत संपायला आली होती. कोविडचे नमुने उरकले की दिवस मावळायच्या आत यंत्र थोडा वेळ मोकळं मिळायचं. तेवढ्यावर तिनं हा सगळा बेत केला होता.

"नसीम, परत ये," मी म्हणालो.

"येते. पण सर, रुक्मिणबाईच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला. भरेना."

माझ्या तोंडून जे आलं ते असं: "तिच्या रक्ताचा आकडा मला पाठवू नकोस. लेख कालच गेलाय."

पलीकडून कोयत्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

पंधरा दिवसांनी ती आमच्या गेटवर आली. हातात शंभर पानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे असलेली. वही गेटच्या खांबावर ठेवली आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली, तेव्हाच्या रीतीप्रमाणं. "यादीतल्या सगळ्यांचं आहे, सर. तिघं सापडले नाहीत, त्यांच्यापुढं सापडले नाहीत असं लिहिलंय." ती गेल्यावर मी वहीवर सॅनिटायझर फवारला. पहिल्या पानाची शाई फुटली. बाकीची पानं मी उघडलीसुद्धा नाहीत. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या रक्तदाबाच्या यंत्राखाली वही गेली.

लेख छापून आला. पडद्यावरच्या सभेत माझा सत्कार झाला. मालतीनंच मला शाल घातली, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. पुढं दरवर्षी सोयाबीनची कूस अंगणात येऊन बसली की मी खिडक्या लावून घ्यायचो. दम्याचा त्रास आहे, असं सांगायचो. मला दमा नाही.

दोन हंगामांपूर्वी लोहारा तालुक्यातल्या एका दवाखान्यातून तरुण डॉक्टरचा फोन आला. गोड बोलणारा मुलगा. "सर, तुमच्या लेखामुळं आमचं काम फार हलकं झालं. साप चावलेल्यांपैकी दोन वर्षं ठीक राहिले त्यांना आम्ही आता परत बोलवतच नाही."

"सास्तूरची माणसं तुमच्याकडंच येतात ना?"

"यायची, सर. आता गरज नाही ना."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं वाटत होतं की माझं खोटं एका कागदावर बसून आहे, कुणाला चावत नाही. ते गावोगाव फिरत होतं. ज्या सास्तूरमध्ये मी ही विद्या शिकायचं ठरवलं, तिथल्याच माणसांना माझा लेख घरी बसवून सांगत होता, तुम्ही ठीक आहात. त्यात किती जणांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत असेल? खण उघडला. वही काढली. चिकटलेलं पहिलं पान सोडवलं आणि पहिल्यांदा आतलं वाचलं. रुक्मिणबाईपुढं माझ्या लेखातला आकडा होता त्याच्या दुपटीहून मोठा आकडा होता. आणि ती एकटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं कळंबला गेलो. बाजारात सोयाबीनची पोती उतरत होती. काट्यावरचा यूसुफ मला पाहून उठला. "आओ सर, या या," म्हणत घरी घेऊन गेला. नसीम ओट्यावर भांडी पालथी घालत होती. माझ्या हातातली वही तिनं पाहिली.

"चार वर्षं लागली, सर, तुम्हाला धाराशिवहून कळंबला यायला," ती म्हणाली. "एस.टी. लईच हळू झालीय."

यूसुफनं तोंड फिरवून हसू दाबलं. मी खुर्चीवर बसलो आणि विचारायला घाबरत होतो तेच आधी विचारलं. "रुक्मिणबाई आहे?"

"म्हणजे काय? कालच बेंबळीला जाऊन आले. त्याच साली तिला सोलापूरला किडनीच्या डॉक्टरकडं नेलं. मीठ कमी केलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आकडा धरून आहे. लोणचं मात्र चोरून खाती."

"तिथं तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, सरांनी पाठवलंय."

तिनं ते सहज सांगितलं. मला पाणी मागावं लागलं. मग तिनं आतून आणखी तीन वह्या आणल्या. दर हंगामाची एक. दर वर्षी रजा टाकून, यूसुफच्या गाडीवर, रानोरान. माणसं नाही म्हणाली की दुसऱ्या दिवशी परत. ज्यांचे आकडे चढलेले दिसले त्यांना तिथंच बांधावर बसवून समजावलेलं. मी जो अभ्यास मारून त्याच्या जागी पुतळा उभा केला होता, तो अभ्यास जिवंत होता. कळंबमधल्या दोन खोल्यांच्या घरात, पाढ्यांच्या वह्यांत, एका वर्षाचाही खंड न पडता. मी डोळे पुसले ते लाजेनं, पण नुसत्या लाजेनं नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा त्या शालीच्या वेळी झाला नव्हता.

नियतकालिकाला पत्र तिथंच लिहायला घेतलं. मी मसुदा वाचून दाखवला: "महामारीच्या अपवादात्मक परिस्थितीत काही नोंदींमध्ये त्रुटी राहून गेल्या..."

"त्रुटी?" नसीम म्हणाली. "सर, पान लागलं म्हटल्यासारखं काय बोलायलात? सापाला साप म्हणा."

यूसुफ म्हणाला, "हौ सर. नाव घेतलं तर काय व्हईल? ऐकंल. ऐकू द्या."

मी कागद फाडला. नव्यावर लिहिलं: मी तपासणी न करता आकडे लिहिले. खरे आकडे माझ्याकडे आलेले असताना मी ते चार वर्षं दडवून ठेवले. हा लेख मागे घ्यावा. तीन वाक्यं. खाली सही केली.

सगळं सोपं झालं असं नाही. लेख मागं घेतल्याची सूचना माझ्या नावासकट छापून आली. एका समितीनं माझं नाव काढलं, ते बरोबरच केलं. लातूरच्या मित्रानं काही महिने फोन घेतला नाही, मग एक दिवस स्वतःच केला आणि म्हणाला, "माझ्या बाळांचे मधले रकाने मी कोरे ठेवले होते. तुझं पत्र वाचून वाटलं, बरं केलं." मालती त्या दिवशी एवढंच म्हणाली, "आता खिडक्या उघडा. घर कोंदट झालंय."

नसीमच्या वह्यांवरून नवा लेख तयार करायला आठ महिने लागले. पहिलं नाव तिचं. मी म्हणालो, माझं नाव काढून टाकू. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"पळून चालला व्हय, सर? तुमचं नाव ठेवायचं. चूक कुणाची होती ते लोकांना कळायला नको?"

तेव्हा माझं नाव शेवटी आहे. कोविडच्या वर्षात रुग्णांना रुग्णालयात बोलावणं बंद असताना तपासणी कुठं आणि कशी झाली याचा परिच्छेद तिनं सांगितला, मी लिहिला. "शेतात, कापणीच्या वेळी" असं त्यात आहे. आणि जे सापडले नाहीत त्यांच्या जागा कोऱ्या आहेत. संपादकांनी विचारलं, पहिल्या लेखिकेच्या नावापुढं कुठली पदवी लिहायची? तिनं कळवलं, लॅब टेक्निशियन लिहा. लेख छापून आला त्या दिवशी आडत बाजारात यूसुफनं पेढे वाटले. हमालांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "हमारी बेगम छापून आली."

लोहाऱ्याच्या त्या तरुण डॉक्टरला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, जुनी यादी अजून आहे माझ्याकडं." महिनाभरात त्यानं फोटो पाठवला: दवाखान्याच्या बाकावर सास्तूरची माणसं ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या हातात छोटी बाटली, कुणी लाजलेलं, कुणी कॅमेऱ्याकडं बघून हसलेलं. त्यातल्या दोघांना वेळेत गाठलं, असं खाली लिहिलं होतं. दोघांना. तो फोटो मी इतक्या जणांना दाखवला की मालती म्हणाली, नातवंडांचे दाखवत नाही एवढे.

यंदा नसीमबरोबर मीही रानोरान फिरतो. ती विचारते, रक्त काढते, दाब बघते. मी लिहून घेतो. ती सांगेल तेवढंच. उंच बूट घालतो, काठीनं ढीग हलवल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही असं दहा वेळा सांगतो, आणि बाया मला हसतात.

परवा बेंबळीला होतो. रुक्मिणबाईची बनीम उघडलेली, मळणीवाला यंत्र लावून ताटकळत उभा. नसीमनं आदल्या आठवड्यात घेतलेल्या रक्ताचा आकडा वाचला. मागच्या वर्षीइतकाच. त्याच्या मागच्या वर्षीइतकाच. मी लिहून घेतला आणि पेन खाली ठेवलं. आता बोलायलाच हवं होतं.

"रुक्मिणबाई, त्या साली मी तुम्हाला फोन केला होता..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "नसीमनं सांगितलं समदं. आवो सायेब, म्या बी तवा खोटंच बोलले न्हवं का? पाय हे एवढाले टम्म आन् म्या म्हणले बरं हाय. तुमी बी तसंच लिवलं. दोघं बी येका माळंचे मणी!"

"तुम्ही भीतीपोटी बोललात. मी डॉक्टर होतो."

"मग तुमी काय कमी भ्याला हुता?" तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग आवाज चढवून, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं, ते ऱ्हाऊ द्या. आकडा हाय त्योच हाय ना? मग पुढल्या साली बी यायलाव का?"

"दर साली येणार," नसीम म्हणाली.

"या की मग. म्या हाय हितंच. मला कुटं जायचंय इतक्यात?"

तिनं पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळला, काठीनं ढीग दणादणा बडवला, आणि मळणीवाल्याकडं वळून हात उंचावला. कर चालू.